दोनशे पासष्टची नोंद

विद्यापीठातले संशोधन उद्योगापर्यंत कसे पोहोचवायचे, यावर शहरात परिषदा भरतात. आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात हा प्रश्न कारखान्याच्या गटऑफिसात सुटतो, नाहीतर तिथेच अडतो. माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली. चिटबॉय म्हणून लागलो, शेतकी अधिकारी म्हणून बाहेर पडलो. उसाची नोंद घेणे हे आमचे मूळ काम: गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख आणि जात. या चार रकान्यांपैकी भांडणे सगळ्यात जास्त कुठे होत असतील, तर जातीच्या रकान्यात.

उसाची जात तयार कशी होते, हे ऊस पिकवणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. आपल्याकडे उसाला तुरा येतो, पण त्यातले बी सहसा रुजत नाही. कोइमतूरच्या हवेत ते धरते. तिथे १९१२ साली ऊस पैदास संस्था निघाली, ती म्हणूनच. संकर तिथे करायचा आणि ते केसाळ, भुरभुरीत बी पाडेगावला आणून रुजवायचे. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचे. तालुका फलटण, जिल्हा सातारा, पण नीरा नदीच्या काठावरचे असल्याने आम्हाला घरच्यासारखे. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथे हजारो रोपे लावतात आणि त्यातली बहुतेक टाकून देतात. उरलेल्यांचे वजन, साखर, रोग, खोडवा असे सगळे बघत दहा-बारा वर्षे सहज जातात, तेव्हा कुठे एखादी जात हाती लागते.

को ८६०३२ अशीच आली. १९९६ साली ती 'नीरा' या नावाने प्रसारित झाली. नीरा हे नाव कागदावरच राहिले, लोक तिला शहाऐंशी बत्तीसच म्हणतात. या जातीने शेतकऱ्यालाही दिले आणि कारखान्यालाही दिले, त्यामुळे तिच्या प्रसारासाठी आम्हाला फारसे काही करावे लागले नाही. उसाचे बेणे म्हणजे ऊसच. एकाने चार गुंठे लावले की पुढच्या वर्षी पाहुण्याच्या रानात, त्याच्या पुढच्या वर्षी पाहुण्याच्या पाहुण्याकडे. खासगी बियाणे कंपन्या कपाशीत, मक्यात उतरल्या तशा उसात उतरल्या नाहीत, याचे एक मोठे कारण हेच. एकदा विकलेले बेणे पुन्हा कोण विकत घेणार? म्हणून उसाचे संशोधन सरकारी पैशावर चालले आणि त्याचा फायदा घेणारा उद्योग मात्र साखरेचा.

मग २००७ साली पाडेगावहून फुले २६५ आली. शास्त्रीय नाव को-एम ०२६५. वजनाला दणकट, खोडव्याला चांगली, आणि मुख्य म्हणजे क्षारपड रानात तग धरणारी. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतोय. सव्वाशे वर्षे मोकाट पाणी पिऊन कालव्याखालची कितीतरी राने पांढरी पडलीत. त्या रानांचे मालक दोनशे पासष्टवर तुटून पडले यात नवल नव्हते. कारखान्यांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या.

कारण हिशेबात आहे. शेतकऱ्याला पैसे मिळतात टनावर. कारखाना कमावतो साखरेवर. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. उतारा वाढला की दर वाढतो हे खरे, पण तो उतारा धरतात अख्ख्या कारखान्याचा सरासरी. माझ्या उसात साखर जास्त भरली म्हणून मला वेगळा रुपया मिळत नाही. तेव्हा शेतकरी वजनाची जात लावणार, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. आता कारखान्याच्या बाजूने बघा. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा उतारा नुसता ०.१ टक्क्याने घसरला, तर १० हजार क्विंटल साखर कमी पडते. किलोला ३१ रुपये धरले तरी तीन कोटींच्या वर फटका.

दोनशे पासष्ट ही मध्यम उशिरा पक्व होणारी जात. वेळेवर तुटली तर साखर देते, कोवळी तुटली तर उतारा खाते. विद्यापीठाने हे सांगितले होते. पण तोडणीचा प्रोग्राम पक्वता बघून लागतो, असे म्हणायचे धाडस मी तरी करणार नाही. तो लागतो लागणीच्या तारखेवर, टोळ्या किती आल्या त्यावर, आणि उरलेले आपण जाणताच. मग काही कारखान्यांनी या जातीची नोंदच नाकारली, काहींनी ती हंगामाच्या शेपटाला टाकली. वाद साखर आयुक्तालयापर्यंत गेला. रानात दोनशे पासष्ट आणि कागदावर शहाऐंशी बत्तीस, असाही प्रकार चालला. बांधावर उभे राहिले की चिटबॉयला जात कळते. पण सभासद म्हणजे कारखान्याचा मालक, आणि मालकाशी बांधावर वाद कोण घालणार?

खरे तर तोड काढायला साधन साधेच आहे. रिफ्रॅक्टोमीटर खिशात मावतो. कांडीला टोचून रसाचा थेंब काचेवर घ्यायचा, उजेडाकडे धरून ब्रिक्स वाचायचा. एकदा बुडख्याकडे, एकदा शेंड्याकडे. दोन्ही आकडे जवळजवळ आले की ऊस पक्व. प्रत्येक गटात हे नेटाने झाले असते तर दोनशे पासष्टची बदनामी निम्मी तरी टळली असती.

याच्या उलट अनुभव लोकरी माव्याचा. २००२ साली तो महाराष्ट्रात दिसला आणि बघता बघता पानांच्या खालची बाजू पांढरी, वरची काजळीने काळी. उभ्या उसात शिरून फवारणार कसे? विद्यापीठे आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांनी मावा खाणारे मित्रकीटक दाखवले: कोनोबाथ्राची अळी आणि मायक्रोमस. कारखान्यांनी शेडनेट उभारून ते वाढवले आणि आम्ही अळ्या असलेली पाने एका रानातून दुसऱ्या रानात नेली. परिपत्रकाची वाट कुणी बघितली नाही. मावा वजनही खात होता आणि साखरही, म्हणून विद्यापीठ, कारखाना आणि शेतकरी एकाच बाजूला उभे राहिले.

संशोधन चांगले असले की आपोआप पसरते, हे म्हणूनच मला पटत नाही. माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी खोडव्यासाठी 'सॉर्फ' नावाचे ट्रॅक्टरचे यंत्र तयार केले. पाचट न जाळता ते एकाच फेरीत बुडखे छाटते, बगला फोडते, जुन्या मुळ्या तोडते आणि खत जमिनीत पेरते. उत्तम यंत्र. पण दोन एकरवाला ते विकत घेणार नाही. कारखान्याने किंवा गावातल्या ट्रॅक्टरवाल्याने ते भाड्याने फिरवले, तरच पाचट जळायचे थांबेल. इंदापूर तालुक्यातच वालचंदनगरला इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरींची कवचे बनतात. तिथे संशोधकच गिऱ्हाईक आहे, नकाशा त्याचा आणि तपासणीही त्याची. शेतीत शोधणारा एक, वापरणारा दुसरा आणि कमावणारा भलताच.

सध्या चर्चा एआयची. १९७१ साली स्थापन झालेल्या बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यासोबत उसावर हा प्रयोग मांडला. जमिनीत सेन्सर, शेजारी हवामान केंद्र, वर उपग्रह, आणि पाणी किती, खत कधी याचा निरोप फोनवर. प्रात्यक्षिकाला येणारी गर्दी सेन्सर बघते, मी खर्चाची वाटणी बघितली. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या योजनेत हेक्टरी २५ हजारांपैकी शेतकऱ्याने ९ हजार, कारखान्याने ६,७५० आणि इन्स्टिट्यूटने ९,२५० रुपये द्यायचे, असे ठरले. कारखान्याचा पैसा शेतकऱ्याच्या रानातल्या ज्ञानात थेट घातला जातो, ही मला त्यातली खरी नवी गोष्ट वाटते.

तेव्हा ९ हजार भरणाऱ्या सभासदांना माझी एक विनंती आहे. ऊस कधी पक्व झाला, हे त्या यंत्रणेला कळणार आहे. त्या तारखेलाच तोड मिळेल, एवढे कारखान्याकडून आधी लेखी घ्या, आणि मगच सही करा.