एकाच घरात भारतीय आणि परदेशी

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत वसली. थंड पठारावरची माणसे धानाच्या, रखरखत्या उन्हाच्या मुलखात स्थिरावली. मात्र नोंदणी प्रमाणपत्रावर राहणारे तिबेटी कायद्याने आजही परदेशीच आहेत. परदेशप्रवासासाठी त्यांना पासपोर्टऐवजी भारत सरकारचे ओळख प्रमाणपत्र घ्यावे लागते.

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच नागरिक ठरतात. त्यांना पासपोर्ट देण्याचा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आई-वडिलांचे नागरिकत्वही पाहिले जाते. परिणामी थोरला भाऊ भारतीय आणि त्याच घरात जन्मलेली धाकटी बहीण परदेशी, असे घडू शकते.