तीन वर्षांचं खत

नगर जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अजूनही मोडी कागदांची गाठोडी निघतात. वतनाचे कागद, भाऊबंदकीचे तंटे, पत्रं आणि या सगळ्यांच्या मध्ये घडी मोडून पिवळी पडलेली कर्जखतं. खत लिहायचा दुसराच कोणी. लिहून देणाऱ्या कुणब्याला अक्षरओळख नसायची, म्हणून नावापुढे नांगराची निशाणी. ज्या नांगरावर घर चालायचं, त्याच्याच चित्राने ते घर गहाण पडायचं.

हा कागद चालायचा कसा, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. 1859च्या मुदतीच्या कायद्याने खताची वैधता तीन वर्षांवर आणली. व्याज वर्षानुवर्षं तुंबू नये, कर्जदाराला दिलासा मिळावा, हा हेतू. घडलं उलटंच. तिसरं वर्ष सरत आलं की सावकार कुळाला बोलवायचा, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचा आणि त्या बेरजेचं नवं खत करून घ्यायचा. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन रुपयांनी घेतलेले, असं धरा. तीन वर्षांनी 172चं खत, सहा वर्षांनी 295च्या वर आणि नवव्या वर्षाअखेर 508 रुपयांहून अधिक. मधल्या काळात कुळाने घातलेली ज्वारी, तूप, कडबा वहीत जमा झाला की नाही, हे सांगायला त्याच्याकडे पावती नसे. वही सावकाराची, खतही सावकाराच्याच पेटीत.

या पेटीत भर पडली ती थेट अमेरिकेतल्या यादवी युद्धाने. 1861मध्ये ते पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पैसा ओतला. नगर हा काही वऱ्हाड-खानदेशासारखा कापसाचा मुलूख नव्हे, पण वाढलेले भाव आणि सैल झालेली उधारी इथल्या बाजरी-ज्वारीच्या पट्ट्यातही पोचली. 1865मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि उधारीचा हात आखडला. त्यातच पुढच्या काळात दख्खनच्या काही तालुक्यांत जमिनीची फेरआकारणी आली आणि कुठे सारा दीडपट, कुठे दुप्पट झाला.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. तिथून लोण नगर जिल्ह्यात शिरलं, श्रीगोंदे, पारनेर, नगर, कर्जत तालुक्यांतल्या गावांत पसरलं. सरकारदरबारी याला दंगे म्हटलं गेलं आणि शाळेच्या पुस्तकांतही तोच शब्द राहिला. मला तो पटत नाही. जमावाचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. ज्याने खतं मुकाट्याने काढून दिली, त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावला नाही. आपल्याला कशाने बांधलं आहे, हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखलं होतं.

त्याच वर्षांत अटलांटिकपलीकडे मुक्त झालेले गुलाम याच फासात अडकत होते. 1865च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी गेली, 1868च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आलं, 1870च्या पंधराव्या दुरुस्तीने मताचा हक्क मिळाला. जमीन मात्र मिळाली नाही. सेनापती शर्मन यांनी जानेवारी 1865मध्ये चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे देण्याचा हुकूम काढला होता. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी तो फिरवला. मग जुन्या मळेवाल्याची जमीन वाट्याने करायची आणि दुकानदाराकडून बी-भरण, खाणंपिणं उभ्या पिकाच्या तारणावर उचलायचं, असा संसार सुरू झाला. तिथेही हिशेबाची वही देणाऱ्याकडेच. 1877मध्ये दक्षिणेतलं संघराज्याचं संरक्षण उठलं आणि मताचा हक्कही हातातून निसटत गेला.

हे नातं आपल्याकडे पहिल्यांदा कुणी जोडलं असेल तर जोतीराव फुल्यांनी. नगरला अमेरिकन मिशनरी मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून त्यांनी पुण्यात शाळेचं काम आरंभलं, हे सर्वांना ठाऊक आहे. 1873मध्ये ‘गुलामगिरी’ छापताना त्यांनी ते पुस्तक निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. तिथला मुक्त गुलाम आणि इथला शूद्रातिशूद्र एकाच रांगेत उभे आहेत, हे दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या माणसाला तेव्हाच दिसलं होतं.

इकडे खतांच्या जाळपोळीनंतर चौकशी आयोग बसला आणि 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. कर्जापायी शेतकऱ्याला दिवाणी कैदेत टाकणं बंद झालं. खत गावच्या निबंधकासमोर लिहायचं, मागितल्यास पावती आणि हिशेब द्यायचा, फेड हप्त्यांनी होऊ द्यायची, असं ठरलं. पण मला सगळ्यांत मोलाची वाटते ती एकच तरतूद: न्यायाधीशाने समोरच्या खतावर न थांबता त्याच्या मागे जायचं, मूळ रक्कम किती होती आणि व्याजाने किती फुगली, हे पहिल्या व्यवहारापासून तपासायचं. त्यापूर्वी कूळ हजरच नसायचं आणि एकतर्फी हुकूमनामे धडाधड निघायचे. न्यायमूर्ती रानडे याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी गावोगाव हिंडले. पळवाटाही निघाल्या, गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची रीत वाढली आणि कर्ज फिटलं तरी जमीन परत येईना. तरीही तोंडी शब्दाला कागदासमोर उभं राहण्याची जागा मिळाली, ही लहान गोष्ट नव्हती.

त्या जाळपोळीतून वाचलेली खतं आज आपल्या घरांत आहेत. नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागद जपले जातात. तुमच्या माळ्यावर असं गाठोडं असेल तर रद्दीत घालू नका. मोडी जाणणाऱ्याकडून एकदा वाचून घ्या, आणि नांगराची निशाणी दिसली तर त्या माणसाचं नाव तेवढं लिहून ठेवा.