खुंटी, खडू आणि काळी चार

पहाटे साडेपाच. डिसेंबरातलं नाशिक, बोटं वळत नाहीत. मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवतो, मोबाइलवर तानपुरा लावतो आणि वीस मिनिटं नुसता सा. एक गज, एक स्वर. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात गाठून विचारलं होतं, "पुढचं कधी येणार हो?"

दहा ते बारा एका शाळेत. तीस मुलं, चार व्हायोलिनं. त्यावर न बोललेलं बरं.

दुपारी दुरुस्ती. थंडीत लाकूड आखडतं, खुंट्या सुटतात; पावसाळ्यात त्याच फुगून अडकून बसतात. सुटणाऱ्या खुंटीवर फळ्याचा खडू फिरवला की पकडते. घोडी कलली असेल तर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू सरळ करायची. ती आडवी झाली आणि आतली काडीही पडली, की दुपार गेलीच.

पाचला शिकवण्या. प्रवेशिकेला बसलेली मुलगी यमन वाजवतेय आणि तीव्र मध्यम केसभर खाली. इथे सतारीचे पडदे नाहीत, पेटीच्या पट्ट्या नाहीत.

"सर, बोट जागेवरच आहे."

"जागा बोटाला विचारू नकोस. गाऊन दाखव."

लाजत गाते, अगदी सुरात. मग वाजवायला घेते तर बोट आपसूक वर सरकतं.

व्हायोलिन शिकवायचं म्हणजे आधी गळाच शिकवायचा, असं माझं मत. व्हायोलिनवादक डी. के. दातारांनी तरुणपणी गायक द. वि. पलुस्करांची संगत केली. पलुस्कर, म्हणजे बापूराव, जन्माने नाशिकचे. १९५५ मध्ये अवघ्या ३४व्या वर्षी गेले. त्यांचं गाणं दातारांच्या गजात पुढे कित्येक वर्षं ऐकू येत राहिलं.

रात्री नऊ, पंचवटीत घरगुती बैठक. गायिकेची पट्टी काळी चार, माझी शिकवणीची काळी एक. म्हणून दुसरं व्हायोलिन वेगळं मिळवून नेलंय. त्या आलाप घेतात, मी अर्ध्या श्वासाने मागे. शेवटचा स्वर मी घेत नाही, तो त्यांचा. त्या पाण्याचा घोट घेतात तेवढ्यात दोन आवर्तनं माझी. तिसऱ्याचा मोह होतोच. आवरतो.

बाराला घरी. तारांवरची राळ पुसली, गज सैल केला. तेवढ्यात मोबाइलवर त्या मुलीच्या आईचा निरोप: "सर, सिनेमाचं गाणं कधी घेणार?"