हात वाळेपर्यंत

जेवण कधीच संपलंय. ताटात भाताची दोन शितं आणि पिळून टाकलेली लिंबाची फोड. कडेला आमटीचा ओघळ सुकलाय. बोटांवरचा वरणभातही सुकून कडक झालाय. आजी दोनदा म्हणाली, ‘‘अरे, हात वाळले, उठा आता!’’ पण उठत कुणीच नाही, कारण गप्पा ऐन रंगात आल्यात.

या वेळेला स्पॅनिश भाषेत चक्क एक नाव आहे: सोब्रेमेसा!

चाकणच्या पट्ट्यात गेस्टॅम्प, सीआयई ऑटोमोटिव्ह अशा मूळच्या स्पॅनिश कंपन्यांचे कारखाने आहेत. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी ही नावं इथल्या मुलांच्या कानावरून गेलेली असतात. त्याच देशातला हा शब्द नववी-दहावीच्या मुलांना सोप्या इंग्रजीत सांगायचा, तर कसा सांगाल?

आधी शब्द उघडून बघू. ‘सोब्रे’ म्हणजे वर आणि ‘मेसा’ म्हणजे टेबल. टेबलावर अंथरायच्या कापडालाही सोब्रेमेसा म्हणतात. टेबलावर ठेवायच्या संगणकाला, आपल्या डेस्कटॉपला, स्पेनमध्ये ‘सोब्रेमेसाचा संगणक’ म्हणतात. दुपारच्या जेवणानंतर टीव्हीवर लागणारा सिनेमा हा ‘सोब्रेमेसाचा सिनेमा’. आणि शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेलात, की हाच शब्द ‘सोब्रेमेझा’ होतो आणि त्याचा अर्थ होतो जेवणानंतरचा गोड पदार्थ! सीमा ओलांडली आणि गप्पांची खीर झाली.

या दोन सख्ख्या भाषा आपल्याला परक्याही नाहीत. बटाटा आणि पाव आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. ज्याच्यासाठी भल्या पहाटे कंपनीची बस पकडायची, तो ‘पगार’सुद्धा त्यांचाच. पोर्तुगीज आणि स्पॅनिश, दोन्हींत ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणं.

आता इंग्रजी. ‘डेझर्ट’ म्हटलं तर आपण पोर्तुगालला पोचलो. ‘आफ्टर-लंच टॉक’ म्हटलं तर एखादं भाषण वाटतं. ‘चॅट’ म्हटलं की मुलांचा हात मोबाइलकडे जातो. एका शब्दाला एक शब्द, हा हिशेब इथे जुळत नाही. सोप्या भाषेत सांगणं म्हणजे छोटा शब्द शोधणं, असं आपल्याला वाटतं. इथे अख्खं चित्र दाखवावं लागतं. त्यात तीन गोष्टी हव्यात: जेवण संपलेलं आहे, माणसं जागची हललेली नाहीत, आणि त्यांना हलायचंही नाही.

हे चित्र इथल्या मुलांना फार मोलाचं वाटतं, कारण अनेकांचे आईबाबा कारखान्यात कामाला असल्याने त्यांच्या घरात ते रोज दिसत नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यानुसार सलग पाच तासांहून जास्त काम करून घेता येत नसे. मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावीच लागे. त्या अर्ध्या तासात कँटीनची रांग, जेवण, हात धुणं आणि पुन्हा लाइनवर. बाबा सेकंड शिफ्टला असले, तर ते घरी येईतो मुलं झोपलेली. भोसरी-पिंपरीच्या अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, शाळेला रविवारी. म्हणून गुरुवारच्या रात्री सगळे एकत्र जेवायला बसले, की ताटावरून उठवत नाही. त्या रात्री मशीनवर झालेली गंमत, गणिताचे मार्क, गावाकडचा पाऊस, सगळं निघतं.

पंगतीत आपण ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो. जेवल्यावर शतपावली आहे, वामकुक्षी आहे. बसून राहण्याला मात्र आपण वेगळं नाव दिलं नाही. त्याची खूण तेवढी ठेवली: वाळलेला हात. स्पॅनिश माणसाने ती वेळ टेबलावरून ओळखली, आपण बोटांवरून. टेबल नसलेल्या, जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या घरातही सोब्रेमेसा होतो, तो असा.

तर मुलांनो, हे घ्या सोपं इंग्रजी: ‘द मील इज ओव्हर, बट नोबडी वाँट्स टु गेट अप.’ यातला एकही शब्द तुम्हाला अडणार नाही. अर्थ पक्का करायचा असेल, तर येत्या गुरुवारी रात्री जेवणानंतर उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासून बघा. वरणाची कोरडी खपली निघाली, की समजा तो शब्द तुम्हाला आला.