एकाच शिवारातली दोन दुखणी

इंदापूर तालुक्यातलं कळंब वालचंदनगरला लागून आहे. (धाराशिव जिल्ह्यातही एक कळंब आहे, ते वेगळं. गंमत म्हणजे त्या कळंबकडची कुटुंबंही दरवर्षी ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात उतरतात.) नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५पासून या भागात फिरू लागलं. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इथल्या माळावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला. पुढे भवानीनगरचा छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर असे सहकारी कारखाने आले आणि जिथे चिंकारा चरायचा तिथे ऊस उभा राहिला. बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य किंवा इंदापुरातला कडबनवाडीचा माळ पाहिला, की हा मुलूख पूर्वी कसा होता याचा थोडा अंदाज येतो.

या उसाच्या कडेने दोन प्रकारची माणसं राहतात. दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, धाराशिव, जालना या बाजूंनी ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि फडाजवळ पाचट, बांबू आणि प्लास्टिकच्या कोप्या घालतात. दुसरे फासेपारधी. ते बाराही महिने याच भागात असतात, कधी गायरानात, कधी रस्त्याच्या कडेला, कधी एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर राखणीला. लांबून पाहणाऱ्याला कोपी आणि पाल सारखंच दिसतं. पोलिओ मोहिमेच्या नियोजनातही दोन्ही वस्त्या एकाच रकान्यात बसतात: अतिजोखमीचे भाग. मोहिमेपुरतं ते ठीक आहे, दोन थेंब दोघांच्याही मुलांना सारखेच. पण दवाखान्यात येणारी दुखणी तपासली, तर हा एक रकाना पुरत नाही.

ऊसतोड कामगाराचं अर्थकारण उचलीपासून सुरू होतं. मुकादम पावसाळ्यातच आगाऊ रक्कम देतो. एका कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला ती लाखाच्या आसपास असू शकते, आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. जोडीने दिवसभरात दीड-दोन टन ऊस तोडला तर बरा दिवस. तोडणीचा दर जानेवारी २०२४मध्ये ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. हे पैसे जोडीचे आहेत, एकट्याचे नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. एक जण आजारी पडला तर कोयता अर्धा होतो. दिवस बुडाला तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात.

या एका शब्दातून, खाडा, बाईच्या आजारांचा बराच उलगडा होतो. ती पहाटे उठून स्वयंपाक करते, नवऱ्याबरोबर तोडायला लागते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. आडोसा नाही म्हणून पाणी कमी प्यायचं आणि लघवी दाबून ठेवायची. त्यातून लघवीची जळजळ आणि पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग. पाळीत कापड बदलायला जागा नाही, म्हणून अंगावरून पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं. बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलल्यामुळे तिशीतच अंग बाहेर येतं. यातल्या बहुतेक तक्रारी वेळेवर तपासल्या तर काही दिवसांच्या गोळ्यांनी, व्यायामाने आणि विश्रांतीने आटोक्यात येतात. अडचण त्या ‘काही दिवसां’चीच आहे.

बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला, त्याचं मूळ इथे आहे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे शंभरात साधारण सतरा. देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. वयाची चौकट तंतोतंत सारखी नसेल, तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ एवढं सांगितलं की घाबरलेली बाई तयार होते. पाळीची कटकट गेली, खाडा टळला, असाही हिशेब त्यात असतो. तो हिशेब चुकतो. गर्भाशयासोबत अंडाशयही काढलं असेल, तर पस्तिशीतच अंगातून वाफा निघणं, हाडं ठिसूळ होणं सुरू होतं आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय ठेवलं तरी ते काही वर्षं आधीच थकतं. आणि ज्या शरीराला दीड महिना ओझं उचलायचं नाही असं सांगितलं जातं, ते उचलीसाठी पुन्हा फडात उभं राहतं. बीडमध्ये नंतर अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला. नियम चांगला आहे, पण तो खाडा रद्द करत नाही.

मूत्रपिंडांबद्दलही दोन शब्द. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये ऊस तोडणाऱ्या तरुण पुरुषांची मूत्रपिंडं मधुमेह किंवा रक्तदाब नसताना निकामी होताना आढळली. कडक उन्हात अंगमेहनत आणि शरीरातलं पाणी कमी होणं हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. तिथे सावली, पाणी आणि ठरावीक विश्रांती दिल्यावर मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाली. आपल्याकडे हंगाम थंडीत सुरू होतो, तरी मार्च-एप्रिलमध्ये इंदापूरच्या उन्हात तोडणी चालू असतेच. ज्याचे पाच-सहा हंगाम झाले आहेत, त्याची क्रिएटिनिनची एक तपासणी करून घ्यायला काहीच हरकत नाही.

आता पारध्यांकडे वळू. त्यांची भाषा गुजरातीच्या जवळची, पूर्वीचा धंदा फासे लावून तितर, लावा, ससे धरण्याचा. माळ उसाखाली गेला आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारच गुन्हा ठरली. त्याच्या किती तरी आधी, १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, अशा कितीतरी जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला होता. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला. शिक्का मात्र गावांच्या आणि ठाण्यांच्या डोक्यातून गेला नाही. १९९८मध्ये बारामतीत पोलीस कोठडीत एका पारधी तरुणाचा मृत्यू झाला, तेव्हा हा विषय देशभर चर्चेत आला होता.

याचा आरोग्याशी संबंध थेट आहे. मारहाण, भाजणं, विषबाधा, अपघात अशी केस सरकारी रुग्णालयात आली की तिची मेडिको-लीगल नोंद होते आणि पोलिसांना कळवलं जातं. डॉक्टरांना ते टाळता येत नाही आणि टाळूही नये. पण ज्याच्या आजोबाला रोज ठाण्यात हजेरी लावावी लागत होती, त्याला रुग्णालयाच्या दारातली पोलीस चौकी वेगळी दिसते. म्हणून हात मोडला तरी घरीच बांधला जातो, आणि जखम चिघळल्यावर माणूस येतो. बाळंतपणही पालातच होतं. मूल कमी वजनाचं, आईचं रक्त कमी, नाळ कापायला काय वापरलं ते कोणी विचारत नाही. हातभट्टीच्या दारूने पुरुषांची यकृतं जातात. खोकला महिनाभर असला तरी थुंकी तपासली जात नाही, आणि एका पालात झोपणाऱ्या सात-आठ जणांत क्षयरोग पसरायला वेळ लागत नाही.

औषधं फुकट आहेत. सहा महिन्यांच्या उपचारात पोषणासाठी महिन्याला हजार रुपयेही मिळतात. पण ते बँक खात्यात जमा होतात. खात्याला आधार लागतं, आधारला पत्ता लागतो आणि गायरानातल्या पालाला पत्ता नसतो. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. म्हणजे कागदावर त्यांच्यासाठी आश्रमशाळा, शिष्यवृत्ती, घरकुल, आदिवासी विकास विभाग हे सगळं आहे. त्याची किल्ली जातीचा दाखला, आणि दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५०च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. त्या तारखेला ज्यांचे आजोबा-पणजोबा पोलिसांच्या रजिस्टरशिवाय दुसऱ्या कुठल्याच दप्तरात नव्हते, त्यांनी पुरावा कुठून आणायचा? एखादा जुना पोलीस दप्तरातला उतारा कधी कधी कामी येतो, हा त्यातला कडवट विनोद.

दोन्हीकडे गरिबी आहे, पण बाजारात त्यांची किंमत सारखी नाही. कारखान्याला ऊसतोड कामगार हवाच असतो. त्याने कोयता बंद केला तर गाळप थांबतं. म्हणून त्याच्या संघटना झाल्या, त्याला नेते मिळाले, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळ झालं, त्यासाठी टनामागे रक्कम ठरली, मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहं आली. अंमलबजावणी किती ढिली आहे ते फडावर गेल्यावर दिसतंच, तरीही मागणी करायला एक जागा आहे. पारध्याने काम बंद केलं तर कुणाचंच काही अडत नाही. हक्क त्याच्याकडे जास्त आहेत, ते मागण्याची ताकद सगळ्यात कमी.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात योगायोगाने साखरेच्याच आसपास अशी एक जोडी सापडते. यूट ही तिथली मूळची शिकारी जमात. १८६८च्या तहाने त्यांना पश्चिमेकडचा मुलूख राहिला. १८७९मध्ये मीकर इथे संघर्ष झाला आणि दोन वर्षांत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना युटामध्ये हाकललं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साखर कंपन्यांनी बीटच्या शेतांसाठी मेक्सिकन कुटुंबं आणली. एकरावर ठरलेला ठेका, मुलाबाळांसकट काम, हंगाम संपला की पुढे. या दोन समाजांसाठी तिथे आरोग्याच्या दोन वेगळ्या व्यवस्था झाल्या. मूळ जमातींसाठी १९५५पासून केंद्र सरकारची इंडियन हेल्थ सर्व्हिस, आणि शेतमजुरांसाठी १९६२च्या कायद्याने पिकाच्या मागे जाणारे दवाखाने. दोन्ही व्यवस्था पैशाअभावी रखडल्या, त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. तरी एक गोष्ट तिथे लवकर ओळखली गेली: जमीन गमावलेल्या माणसाचा आणि जमिनीमागे फिरणाऱ्या माणसाचा दवाखाना एकच असून चालत नाही. दक्षिण यूट जमातीच्या उरलेल्या जमिनीखाली नैसर्गिक वायू निघाला, त्यावरचा हक्क जमातीकडे होता, आणि आज ती आर्थिकदृष्ट्या भक्कम आहे. जमिनीचा कागद हाती असला तर एवढा फरक पडतो.

इंदापूर-बारामतीत हेच कसं करता येईल? ऊसतोड कुटुंबांसाठी पहिली गरज यादीची आहे, आणि ती आधीच तयार असते. कोणती टोळी कुठल्या गटात, किती कोप्या, हे कारखान्याच्या शेतकी विभागाला आणि फडावर फिरणाऱ्या चिटबॉयला अचूक माहीत असतं, कारण त्यावर ऊस अवलंबून आहे. ती यादी हंगामाच्या पहिल्या आठवड्यात आरोग्यसेविकेकडे गेली, तर कोण गरोदर आहे, कोणाच्या बाळाचा दहा आठवड्यांचा डोस राहिला आहे, हे शोधत फिरावं लागणार नाही. माता-बाल कार्ड गावी पेटीत ठेवून न येता सोबत आणायचं, हे मुकादमानेच निघताना सांगायला हवं. तपासणीची वेळ संध्याकाळची ठेवावी; सकाळी दहाला कोपीवर गेलं तर तिथे फक्त लहान मुलं आणि म्हाताऱ्या भेटतात. आणि रात्री जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार चावली तर जखम दिसत नाही, फारसं दुखतही नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या मिटू लागतात. अशा वेळी मांत्रिक किंवा मुकादमाची परवानगी यात वेळ न घालवता १०८ला फोन करावा.

पारधी वस्तीत यादीने भागत नाही. तिथे ओळखीचं माणूस लागतं. त्यांच्यातलीच एखादी शिकलेली मुलगी आशा म्हणून नेमली, तर पाच भाषणांनी होत नाही ते तिच्या एका फेरीत होतं. जखमी माणूस आला की मेडिको-लीगल नोंद म्हणजे काय, त्याने तो आरोपी होत नाही, हे त्याला समजेल अशा शब्दांत आधी सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे. त्याला दोन मिनिटं लागतात. क्षयरोगाची औषधं पालापर्यंत जायला हवीत. पत्त्याचा प्रश्न सुटेपर्यंत पोषणाची मदत शिध्याच्या रूपात देता येते, निक्षय मित्र योजनेत तशी सोय आहे.

शिवाय एक कागद आहे, जो दवाखान्यातूनच सुरू होतो. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्माचा मुख्य पुरावा झाला आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण झालं तर ही नोंद आपोआप होते. पालात किंवा कोपीत झालं, तर एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत विनाशुल्क करता येते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. नोंद जन्म झाला त्या गावातच होते. म्हणजे कळंबच्या शिवारात जन्मलेलं बीडच्या जोडप्याचं मूल आणि गायरानातल्या पारधिणीचं मूल, दोघांचीही नावं एकाच रजिस्टरात चढतात. ऊसतोड कुटुंबाने तो दाखला कारखान्याचा पट्टा पडायच्या आत हातात घ्यावा, कारण त्यानंतर त्यासाठी बीडहून परत यावं लागतं.