अश्रुमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर अश्रुनिचऱ्याचे मूल्यमापन

प्रस्तावना :
डोळ्यातून सतत पाणी वाहणे आणि नाकाच्या मुळाशी दाबले असता पू येणे, या विकारास लासरू असे म्हणतात. अश्रुपिशवीतून नाकात उतरणारी नलिका बंद झाल्याने तो उद्भवतो. त्यावरील प्रमुख उपाय म्हणजे डीसीआर ही शस्त्रक्रिया होय. इटलीतील अद्देओ टोटी यांनी १९०४ मध्ये त्वचेवर छेद घेऊन ती करण्याची रीत मांडली. १९८९ मध्ये मॅकडोनो व मायरिंग यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने नाकातूनच ती करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तत्त्व एकच : मधले हाड काढून अश्रुपिशवी थेट नाकात उघडावयाची. परंतु शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे केव्हा म्हणावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

मार्ग खुला की कार्यक्षम?
सर्वांत रूढ चाचणी पिचकारीची. पापणीच्या कडेवरील अश्रुछिद्रातून सलाईन सोडतात. ते घशात उतरले की मार्ग खुला ठरतो. मात्र येथे द्रव पुढे जातो तो वैद्याच्या हाताच्या दाबाने. प्रत्यक्षात अश्रू पुढे सरकतात ते पापण्यांच्या उघडझापीमुळे. पापणीचा स्नायू आकुंचन पावताना पंपासारखे कार्य करतो. चेहऱ्याच्या अर्धांगवायूत हा पंपच निकामी होतो. अशा रुग्णात सलाईन सहज उतरते आणि डोळा वाहतच राहतो. केवळ पिचकारीवरून त्यास 'बरा' ठरविणे अन्यायाचेच होय.

म्हणून दाबाविना होणाऱ्या चाचण्यांना महत्त्व आहे. दोन्ही डोळ्यांत दोन टक्के फ्लुओरेसिनचा एकेक थेंब टाकून पाच मिनिटांनी निळ्या प्रकाशात किती रंग उरला ते पाहतात व त्यास ० ते ३ अशी श्रेणी देतात. ही चाचणी वेदनारहित व अल्पखर्चिक असून लहान मुलांतही करता येते. अडथळा नेमका कोठे आहे, हे मात्र तीवरून कळत नाही. त्यासाठी रंग टाकल्यावर नाकात दुर्बीण घालून नवे छिद्र पाहतात. छिद्र कार्यक्षम असल्यास साधारणतः मिनिटभरात रंग तेथे उतरतो. न उतरल्यास पडदा, मांसांकुर किंवा चिकटलेली ऊती हे कारणही तेथेच दिसू शकते. टेक्नेशियम-९९एम वापरून गॅमा कॅमेऱ्याने अश्रूंचा प्रवास टिपता येतो; पण ही सोय मोठ्या रुग्णालयांपुरतीच असते, शिवाय तक्रार नसलेल्या व्यक्तींतही त्यात विलंब आढळू शकतो.

रुग्णाची साक्ष :
दिवसातून किती वेळा डोळा पुसावा लागतो, यावर मंक यांची ० ते ५ अशी श्रेणी आधारलेली आहे. यंत्रांच्या गर्दीत हा साधा प्रश्न मागे पडतो. वास्तविक तो प्रथम विचारावयास हवा, कारण रुग्ण शस्त्रक्रियेस येतो तो याच त्रासापायी. तथापि पाणी वाहते म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असेही नव्हे. डोळ्याच्या कोरडेपणातही प्रतिक्षिप्त क्रियेने अश्रू वाढतात. पापणी बाहेर वळलेली असल्यास अश्रू छिद्रापर्यंत पोहोचतच नाहीत.

मूल्यमापनाची वेळही विचारात घ्यावी लागते. नवे छिद्र आकुंचन पावते ते मुख्यत्वे पहिल्या काही आठवड्यांत. सिलिकॉनची नळी बसविली असल्यास तिच्या कडेने अश्रू झिरपत राहतात. त्यामुळे ती काढण्यापूर्वी मिळालेला चांगला निष्कर्ष अंतिम धरू नये आणि ती काढल्यानंतर काही काळाने तपासणी पुन्हा करावी.