कासवीची नजर

कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, कुशीत घेत नाही. नुसत्या नजरेने त्यांना वाढवते, असं आपले संत सांगत आले. आईच्या मायेला आणि देवाच्या कृपेला त्यांना हा दाखला फार आवडायचा. कोकणच्या किनाऱ्यावर थंडीतल्या एखाद्या रात्री खरी कासवी पाहिली, तर चित्र वेगळं दिसतं. ती भरतीबरोबर पुळणीवर येते, भरतीरेषेच्या वर कोरडी जागा गाठते, मागच्या वल्ह्यांनी हातभर खोल खड्डा खणते आणि त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं, पण ते वियोगाचं नव्हे. अंगातलं जादा मीठ बाहेर टाकण्याची ती सोय. मग वाळू लोटून, अंगाच्या भाराने ती दाबून बसवून कासवी समुद्राकडे वळते. पुन्हा त्या जागी फिरकत नाही. तिची पिल्लं तिच्या नजरेला कधीच पडत नाहीत.

नजर असते ती इतरांची. कोल्ह्याची, भटक्या कुत्र्याची, रानडुकराची, घोरपडीची. आणि सगळ्यांत तीक्ष्ण नजर माणसाची. पहाटे किनाऱ्यावर गेलेल्या जाणकाराला वाळूवरचा माग लगेच दिसतो. लहान ट्रॅक्टरचं चाक फिरून गेल्यासारखा एक पट्टा वर आलेला, तसाच दुसरा परत गेलेला, आणि दोन्हींच्या मध्ये विस्कटलेली वाळू. तिथे तो बारीक काठी हलक्या हाताने टोचत जातो. दाबलेल्या वाळूत काठी अडते. एका ठिकाणी मात्र अलगद आत जाते. तिथे उकरलं की पिंगपाँगच्या चेंडूएवढी पांढरी, मऊ सालीची अंडी हाती लागतात. ही विद्या किनाऱ्यावरच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या होती. अंडी खाल्ली जात, विकलीही जात. इथे अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले हे कासव १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पण पहाटे चार वाजता पुळणीवर कायदा हजर नसतो. काठी घेतलेला माणूस असतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीलगत वेळास आहे. नाना फडणवीसांचं मूळ गाव एवढीच त्याची एरवीची ओळख. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं २००२ मध्ये या भागात आली ती पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाचा शोध घेत. किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली, आणि गरुड पाहायला आलेले लोक वाळू पाहू लागले. संस्थेच्या भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावात बैठका घेतल्या, शाळेत मुलांशी बोलले. पण त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय निराळाच होता. ज्यांना अंडी शोधता येत होती, त्यांनाच त्यांनी अंडी राखण्याचं काम दिलं, मानधनासह. काठी तीच राहिली, माग तोच राहिला. उकरलेल्या अंड्यांची वाट तेवढी बदलली. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

उकरलेली अंडी सुरक्षित जागी, म्हणजे हॅचरीत, हलवणं हे नाजूक काम. घातल्यानंतर काही तासांतच ती उचलावी लागतात, कारण पुढे आतला जीव कवचाला आतून चिकटतो आणि अंडं उलटंसुलटं झालं तर तो दगावतो. हॅचरी म्हणजे जाळीचं कुंपण घातलेला वाळूचाच एक तुकडा. कासवीने खणला होता तेवढाच खोल, तसाच तळाशी फुगीर खड्डा इथे माणूस खणतो. वर पाटी लागते, तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली. मग वाट पाहायची, साधारण ४५ ते ६० दिवस. या काळात उबवण्याचं काम वाळूची ऊब करते, आणि पिल्लू नर होणार की मादी हेही तीच ठरवते. साधारण २९-३० अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की माद्या अधिक, खाली राहिलं की नर अधिक. तापत चाललेल्या जगात ही बाब साधी नाही.

दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात. पहाटे ती उचलली की खाली कधी काही नसतं, कधी वाळू हलत असते, आणि कधी तळहातात मावतील अशी काळपट पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत असतात. त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत. काही पावलं अलीकडे वाळूवर ठेवतात. जन्मभूमीची खूण याच काळात त्यांच्यात रुजते असं अभ्यासक मानतात, कारण मोठ्या झालेल्या माद्या पुष्कळदा जन्मलेल्या किनाऱ्याच्याच परिसरात अंडी घालायला येतात. दोरीपलीकडे उभी माणसं श्वास रोखून पाहतात. एक पिल्लू लाटेपर्यंत पोचतं, लाट त्याला मागे फेकते, ते पुन्हा निघतं. हजारातलं एखादंच मोठं होतं असं म्हणतात.

हेच पाहायला लोक येतील, हे वेळासने ओळखलं. २००६ मध्ये इथे कासव महोत्सव सुरू झाला. गावात हॉटेलं नव्हती, ती उभी राहिलीही नाहीत. लोकांनी आपली घरंच पाहुण्यांना उघडी केली. सारवलेल्या पडवीत पंगत, ताटात फणसाची भाजी, सोलकढी, उकडीचे मोदक. एरवी मुंबईच्या मनीऑर्डरीकडे डोळे लावून बसणाऱ्या गावाला फेब्रुवारी-मार्चमध्ये घरबसल्या चार पैसे मिळू लागले, आणि ते मुख्यतः बायकांच्या हातात. अंडं एकदाच विकता येतं. पिल्लाची समुद्राकडची चाल दरवर्षी दाखवता येते. हा हिशेब कुठल्याही भाषणापेक्षा लवकर पटला.

पुढे आंजर्ले, कोळथरे, गुहागर, गावखडीपासून वेंगुर्ल्याच्या वायंगणीपर्यंत अशा हॅचऱ्या झाल्या. वन विभाग आणि कांदळवन कक्ष या कामात उतरले. समुद्रातही पाऊल पडलं. जाळ्यात सापडलेलं कासव किंवा इतर संरक्षित जीव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये आणली. जाळं म्हणजे त्याचं पोट; ते कापायला सांगायचं तर किंमत मोजायला हवी, ही समज त्यात आहे.

कासवांनीही आपली माहिती थोडी थोडी उघड केली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला. पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिली, म्हणून नाव ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि मार्च २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी, ही जुनी समजूत तिने डळमळीत केली. गुहागरची कासवं केवळ गुहागरची नाहीत, हे त्यातून कळलं.

सगळं गोडच आहे असं नाही. पिल्लू वाट ओळखतं ती उजेडावरून. काळोख्या रात्री समुद्राचं क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असतं. किनाऱ्यालगत रिसॉर्टचे दिवे लागले की पिल्लू उलट्या दिशेने चालू लागतं. कुठे लाटांनी पुळण खचते, कुठे दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याशी आलेली मादी अंडी न घालता परत फिरते. आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा हे दर पहाटे नव्याने सांगावं लागतं. कासव पाहायला आलेला माणूसच कासवाला जड होणार नाही, याची राखणही आता अंडी राखणाऱ्या या कासवमित्रांकडेच आहे.

महोत्सव थोड्या दिवसांचा, गर्दी शनिवार-रविवारची. खरं काम दिवाळीनंतर सुरू होतं. नोव्हेंबरपासून रोज पहाटे एक माणूस बॅटरी आणि काठी घेऊन किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतो. बहुतेक दिवशी वाळूवर खेकड्यांच्या नक्षीखेरीज काही नसतं. तो परत येतो, वहीत तारीख घालतो आणि पुढे लिहितो, निरंक. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतो. संतांनी कासवीच्या नावावर मांडलेली ती नजर अशी असते.